क्लोव्हिस गिड्रीचा होकार

चर्चमध्ये पाद्र्याने विचारलं, "ही मुलगी तुला बायको म्हणून मान्य आहे का?" तर क्लोव्हिस गिड्री म्हणे नुसता खाली बघत उभा राहिला. पाद्री खाकरला, करवल्या कुजबुजायला लागल्या, सासरा दोन पावलं पुढे सरकला, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून "हो" बाहेर पडलं. ही हकिगत त्याची बायको अर्लीन दर नाताळात सांगते आणि वर म्हणते, "मला वाटतं त्या दिवशी त्याचा जन्माचा साठा संपला. त्यानंतर या माणसाने कशालाही हो म्हटलेलं मी ऐकलं नाही." त्यात तिखटमीठ किती आणि खरं किती देव जाणे, पण आमच्या लाफायेत गावात क्लोव्हिसला ओळखणारा कोणीही ती खोटी म्हणणार नाही.

त्याचं पोटही नकारावरच चालायचं. उत्तरेकडे टोलेडोला व्यावसायिक फुटबॉलचा संघ होता, त्या संघासाठी तो दक्षिणेतल्या कॉलेजांतून खेळाडू हेरायचा. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. आडवा करणारी ती बचावाची फळी, आणि क्लोव्हिसचा प्रांत तेवढाच. दर एप्रिलात ड्राफ्ट भरतो. सगळे संघ पाळीपाळीने, दर फेरीत एक, अशी कॉलेजातली पोरं उचलतात. एकाने उचललं की ते पोरगं बाकीच्यांच्या हातून गेलं. आपली पाळी वाया जाऊ नये म्हणून कोण किती पाण्यात आहे हे आधी सांगायचं, ही क्लोव्हिसची नोकरी. ऑगस्टात तो गाडीत बसायचा तो नाताळाला उतरायचा.

आणि तो सांगायचा. "पळतो झकास, पण कुठे पळायचं ते दुसऱ्या कुणीतरी त्याला सांगावं लागतं." "दंड बघून पोरी भाळतील, समोरचा गडी भाळणार नाही." "घरच्या मैदानावर वाघ, परगावी मांजर." टोलेडोच्या कचेरीत सगळे त्याला नकारघंटा म्हणायचे. बरं, त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघायचं. त्याचा नकार डावलून आणलेली पोरं दोन-तीन हंगामांत हात हलवत घरी परतायची. पण म्हणून कुणी क्लोव्हिसची पाठ थोपटली असेल तर शपथ. चुकवलेल्या खड्ड्याची मिरवणूक कोण काढतं? ज्याने आणलेलं पोरगं मैदान गाजवतं त्या हेराला लोक खांद्यावर घेतात, आणि ज्याच्यामुळे दहा भोपळे घरात आले नाहीत त्याला म्हणतात, अरे, जरा हसत जा.

तरुणपणी क्लोव्हिसला याचं काही वाटत नव्हतं. वय झालं तसं वाटायला लागलं. त्या वर्षी संघाचा कारभारी डॉब्रिन्स्की याने त्याला जेवायला नेऊन गोड शब्दांत सांगितलं की यंदाचा ड्राफ्ट झाला की आता तू आराम कर. आराम कसला, नारळच तो. विमानातून घरी येताना क्लोव्हिस विचार करत बसला. आपण नाही म्हटलेल्या पोरांनी अख्खं स्टेडियम भरेल. आणि आपण हो म्हटलं म्हणून मैदानावर उभा आहे असा गडी? एकही नाही. त्याला या गोष्टीचं खरोखर वाईट वाटलं. घरी आल्यावर तो अर्लीनला म्हणाला, "जायच्या आधी एक तरी माणूस माझ्या शब्दावर आत गेला पाहिजे."

"मग कुणाला तरी बरा म्हण," अर्लीन म्हणाली.

"तसा मिळायला नको का?"

"बघ. पुन्हा तेच."

टोलेडोच्या संघात एक जुनी रीत होती. बैठकीत एखाद्या पोराबद्दल हेराची पक्की खात्री असेल, तर त्याने आपली हॅट काढून टेबलावर ठेवायची. म्हणजे हा गडी माझा, याच्यासाठी मी माझी अब्रू पणाला लावतो. पोरगा चालला तर हॅट पुन्हा डोक्यावर. बुडाला तर ती कचेरीच्या बोळात खिळ्याला टांगायची, कायमची. त्या बोळाची एक भिंत हॅटांनी भरली होती. फिन्ली नावाच्या हेराच्या तिथे तीन होत्या आणि तो पाहुण्यांना त्या कौतुकाने दाखवायचा. क्लोव्हिसच्या हॅटला टेबल कधी लागलंच नव्हतं.

"तुला केस आहेत की टक्कल, हे न बघताच मी मरणार बहुतेक," फिन्ली त्याला म्हणायचा.

नोव्हेंबरात क्लोव्हिस सेंट फेलिक्स कॉलेजाचा सामना बघायला गेला. त्या वर्षी तिकडे सगळ्याच संघांचे हेर घिरट्या घालत होते, ते ब्राइस हॉलंडरसाठी. हॉलंडर लाइनबॅकर होता, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे मोकळा राहून चेंडूवाल्यावर झडप घालणारा. उंच, देखणा, चपळ. त्याने लोळवलेल्या गड्यांची संख्या वर्तमानपत्रांत छापून यायची.

त्या शनिवारी आभाळ फाटलं होतं. अर्धा खेळ होईतो मैदानाचं शेत झालं आणि दोन्ही बाजूंचे गडी एकाच मातीचे दिसायला लागले. कोण कुणाला पाडतोय ते कळेना, नंबर कुणाचाच वाचता येईना. दुसऱ्या संघांचे हेर आपापल्या गाड्यांत जाऊन बसले. क्लोव्हिस मात्र कुडकुडत उभा राहिला, कारण हॉटेलात जाऊन करायचं काय हा प्रश्नच होता. आणि उभ्या उभ्या त्याच्या लक्षात आलं की सगळ्या मैदानावर एक पाठ स्वच्छ वाचता येतेय. चौऱ्याण्णव.

पुढून तो गडी म्हणजे चिखलाचा ढीग होता. पाठ मात्र पावसाने धुतलेली, पांढरीशुभ्र. तो होता नोज टॅकल, म्हणजे चेंडूच्या ऐन नाकासमोर वाकून उभा राहणारा. दर खेपेला दोन-दोन धिप्पाड गडी त्याला उखडायला अंगावर यायचे. क्लोव्हिस हॉलंडरला विसरला आणि त्या पाठीकडेच बघत राहिला. ती पुढे कलायची, वाकायची, गुडघ्यांवर यायची, पण जमिनीला एकदाही लागली नाही. सामना संपला तेव्हाही नंबर तसाच स्वच्छ होता. याचा अर्थ एकच. एवढ्या चिखलात, एवढ्या दोघादोघांत, या पोराला कोणी उताणा पाडू शकलेलं नव्हतं.

मग त्याने हॉलंडरकडे नव्याने पाहिलं. हॉलंडरच्या तावडीत सापडणारा जो तो गडी चौऱ्याण्णवच्या बाजूने, उरलेल्या एकाच वाटेने येत होता. बाकीच्या वाटा त्या जाड्याने आपल्या अंगाने बुजवल्या होत्या. हेरांच्या धंद्यात ही एक खोड आहे: डोळे चेंडूमागे जातात. चेंडूवाल्याला जो पाडतो त्याचं नाव लागतं. दोघांना अंगावर घेऊन ज्याने वाट अडवली त्याचं काहीच लागत नाही. क्लोव्हिस त्याआधी तीनदा त्या कॉलेजात येऊन गेला होता, आणि नकारघंटा असूनही त्याच खोडीपायी चौऱ्याण्णव नंबर त्याला दिसला नव्हता. त्याने गाडीत बसून स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि शिव्या घालताना त्याला इतका आनंद झाला होता की काचा चढवायच्या राहिल्या.

पोराचं नाव टेरियस मूटन. घर ब्रो ब्रिजला. आई व्हर्डी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. क्लोव्हिसने दार वाजवून नाव सांगितलं तशी ती उंबऱ्यातच थांबली.

"तुमचा आवाज ओळखीचा आहे. माझ्या थोरल्यासाठी, रेमंडसाठी, तुम्हीच फोन केला होतात ना? 'बाई, तुमच्या मुलाचं नाव निघालं नाही.' काय पण गोड आवाजात सांगितलंत."

ड्राफ्ट संपला की दक्षिणेतल्या उरलेल्या पोरांना असे फोन करायचं कामही क्लोव्हिसच्याच गळ्यात असायचं. त्याला सवय आहे, असं कचेरीत म्हणायचे. त्याने हॅट हातात घेतली. "हो बाई. मीच."

"मग आत या. दारातून उपाशी पाठवलं असं नको व्हायला." तिने त्याच्यापुढे गंबोचा, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्शाचा, वाडगा ठेवला, भात घातला. "धाकट्याला नाही म्हणायला या वेळी स्वतः आलात वाटतं. पेट्रोल जाळून."

क्लोव्हिसने दोन घास खाल्ले. टेरियस समोर बसला होता. खुर्ची त्याच्याखाली कुरकुरत होती.

"या हंगामात किती जणांना पाडलंस?" क्लोव्हिसने विचारलं.

"फार नाही, मिस्टर क्लोव्हिस. पाडायचं काम ब्राइसचं."

"आणि नाव त्याचं होतं. तुला काही वाटत नाही?"

टेरियसने जरा विचार केला. "माझ्या अंगावर दोघं असतात. ते दोघं माझ्यापाशी अडकले की ब्राइसवर जायला कोण उरलं? म्हणजे आम्ही मैदानात अकरा, पण खेळतो बाराजण. मला हे मजेशीर वाटतं. लोकांना कळत नाही, तर मी काय करू?"

"लोकांना समजावून सांगत जा."

"तो बोलला तर ना," व्हर्डी चुलीपासून म्हणाली. "रागावला की आठवडाभर तोंड उघडत नाही. बापावर गेलाय."

क्लोव्हिसने दुसऱ्यांदा गंबो मागून घेतला. परक्या घरी तो असं कधीच करत नसे.

एप्रिलच्या सुरुवातीला टोलेडोत मोठी बैठक भरली. एकेका पोराचं नाव पुकारलं जायचं, हेर बोलायचे आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्याच्या नावाची पाटी वर-खाली सरकायची. हॉलंडरची पाटी वरच्या अंगाला गेली. लाइनबॅकरांचा प्रशिक्षक बेकर तर तिच्याकडे बघून हात चोळत होता. मूटनचं नाव आलं तेव्हा लोक कॉफी घ्यायला उठू लागले होते. क्लोव्हिसने हॅट काढली आणि टेबलावर ठेवली.

कॉफीला उठलेले परत खाली बसले. मग फिन्ली म्हणाला, "आहेत की केस. चार-पाच तरी."

हसणं ओसरल्यावर डॉब्रिन्स्कीने खुर्ची पुढे ओढली. "क्लोव्हिस, आधी खोट सांग. ती तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"सांगतो की," क्लोव्हिस म्हणाला. "हात आखूड आहेत. उजवा गुडघा एकदा सुजला होता. पळण्याच्या चाचणीत म्हणाल तर त्याच्याबरोबर गोगलगाय सोडा, ती पुढे जाईल. जेवणावर ताबा नाही, आणि त्याच्या आईच्या हातचं जेवल्यावर मी त्याला बोल लावू शकत नाही."

"मग ही हॅट कशाला?"

"कारण त्याला उताणा पडलेला मी पाहिला नाही. चिखलात नाही, कोरड्यात नाही. नोव्हेंबरापासून मी त्याचे सगळे सामने बसून बघितले. बाकी त्याला काही येत नसेल, पण आपली जागा सोडायला त्याला येत नाही."

डॉब्रिन्स्कीने हॅट बोटाने जरा बाजूला सारली. मग मूटनची पाटी पाचव्या फेरीत लावली. "बघू," तो म्हणाला. या धंद्यात 'बघू' म्हणजे काय ते क्लोव्हिसला चांगलं ठाऊक होतं.

ड्राफ्टच्या शनिवारी पहिल्या तीन फेऱ्या झाल्या. हॉलंडर दुसऱ्या फेरीत उचलला जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. का कोण जाणे, त्याला कोणीच घेतलं नाही. रविवारी सकाळी चौथी फेरी सुरू झाली आणि टोलेडोच्या पाळीपर्यंतही तो फळ्यावर तसाच होता. खोलीत जल्लोष उसळला. बेकर टेबलावर मुठी आपटत होता, फिन्लीने डोनटचा खोका सगळ्यांपुढे नाचवला. आयतं घबाड चालून आलं होतं.

एकट्या क्लोव्हिसने डोनटला हात लावला नाही. सकाळीच सेंट फेलिक्सच्या डॉक्टरने त्याला कळवलं होतं की मूटनच्या गुडघ्याची चौकशी करायला दुसऱ्या एका संघाचा फोन येऊन गेला. ड्राफ्टच्या दिवशी गुडघ्याची चौकशी कोणी हवापाण्यासाठी करत नाही. पाचव्या फेरीपर्यंत मूटन राहणार नव्हता. आता हॉलंडरची पाटी निघाली की क्लोव्हिसचा एकुलता एक माणूस गेला, आणि त्याच्यानंतर दुसरा शोधायला पुढचं वर्ष त्याच्याकडे नव्हतं.

डॉब्रिन्स्कीचा हात पाटीकडे गेला तसा तो उभा राहिला. "थांबा."

"पाच मिनिटांची पाळी असते, क्लोव्हिस, त्यातली दोन गेली. हॉलंडरही तुझ्याच मुलखातला. त्याच्यात काय खोट?"

"काही नाही. चांगला पोरगा आहे. त्याला मी नाही म्हणतच नाही."

"आज सूर्य कुठे उगवला?" फिन्ली पुटपुटला.

"पण त्याने पाडलेला एकेक गडी त्याच्या हातात आला तो मूटनने दुसऱ्या वाटा बुजवल्या म्हणून," क्लोव्हिस म्हणाला. त्याचा आवाज कापत होता आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. "हॉलंडरला घ्या. पुढल्या वर्षी त्याच्यापुढे उभं राहायला एक मूटन शोधत हिंडाल. आणि मूटनला घ्या, म्हणजे आज आपल्याकडे आहेत तेच लाइनबॅकर लोकांना हॉलंडर वाटायला लागतील. मी दुसरं काही मागत नाही. आजवर कधी मागितलेलंही नाही."

सगळे बेकरकडे बघायला लागले, कारण हातातोंडाशी आलेला घास त्याचा होता. बेकरने मुठी उघडल्या, डोकं खाजवलं.

"गेल्या हंगामात माझ्या पोरांच्या अंगावर ट्रकासारखे गडी येत होते," तो हळूच म्हणाला. "ते पुढेच कोणी अडवणार असेल, तर मला नवा लाइनबॅकर नको. मला हा जाड्याच द्या."

डॉब्रिन्स्कीने सगळ्यांकडे बघत क्लोव्हिसकडे बोट केलं. "इतकी वर्षं हा माणूस नाही म्हणाला आणि आपण ते मानलं. आज पहिल्यांदा हो म्हणतोय. हे मानायचं नसेल तर ते कशाला मानत होतो?" आणि त्याने फळ्यावरून मूटनची पाटी काढली. नाव पुढे कळवलं गेलं.

निवडलेल्या पोराच्या घरी पहिला फोन कारभाऱ्याने करायचा, असा रिवाज. डॉब्रिन्स्कीने नंबर फिरवला, तिकडे घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर क्लोव्हिसच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला.

"मिस व्हर्डी? क्लोव्हिस गिड्री बोलतोय. टोलेडोहून."

पलीकडे तिने आधी नळ बंद केला. मग ती म्हणाली, "कळलं. पुढचं बोलू नका. मी सांगते त्याला, जेवण झाल्यावर. तुमच्या तोंडून नको."

"बाई, ऐका तरी."

"एकदा ऐकलंय की मी."

"मिस व्हर्डी." क्लोव्हिसचे डोळे भरून आले होते आणि सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. "या वेळी हो म्हणायला फोन केलाय. त्याचं नाव निघालं. आम्ही घेतलं त्याला. आत्ता."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं, मग जाळीचं दार. मग लांबून तिची हाक: "टेरियस! रेमंड, आधी त्याच्या हातातलं ते पातेलं घे, भाजून घेईल." अंगणात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकळत असणार, रविवार होता. मग अख्ख्या अंगणाने असा काही गलका केला की डॉब्रिन्स्कीलाही लांब उभा असून तो ऐकू गेला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या वरचा होता. तोच आवाज धापा टाकत फोनवर आला.

"मिस्टर क्लोव्हिस? मी रेमंड. टेरियस येतोय, आई त्याला सोडतच नाहीये. आई काय सांगतेय ते माझ्या कानांनी ऐकायचंय मला. तुम्ही काय म्हणालात?"

तीन वर्षांपूर्वी याच पोराने फोनवर "बरं, सर, थँक यू" एवढंच म्हटलं होतं आणि आईच्या हातात रिसीव्हर परत दिला होता. क्लोव्हिसला ते नीट आठवत होतं.

"मी हो म्हणालो, बाळा," तो म्हणाला.

"अजून एकदा म्हणा."

क्लोव्हिसने पुन्हा म्हटलं, आणि तिकडे रेमंड रडतोय की हसतोय ते कळेना म्हणून आणखी एकदा म्हटलं.